क्लच दाबला की सीट बोलायची

गाडी २०११ची डिझेल सेडान, सीटा बेज रंगाच्या चामड्याच्या. आधीचे मालक पुण्याचे. काळ्या मातीच्या मुलखात बेज सीट कशी दिसते, हे पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसावी. माझं रोजचं लातूर ते अहमदपूर, चाकूरवरून. बँकेतलेच दोघं सोबत असतात. मागे आमचे हेड कॅशियर, पुढे शेजारी कृषी अधिकारी. इंजिन ठणठणीत, एसी भर मे महिन्यात हुडहुडी भरवेल असा. पण गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला ड्रायव्हरची सीट वाजायला लागली.

क्लच दाबला की ‘कुईं’, सोडला की ‘कर्र’. घरून निघून नांदेड रोडला लागेपर्यंत जितके सिग्नल आणि जितके गतिरोधक तितक्या वेळा हे ऐकायचं. हायवेला टॉप गिअरमध्ये गाडी पडली की शांत, आणि उजवीकडे वळण आलं की पुन्हा एकदा लांबट कुईं. रेडिओ मोठा केला की आवाज जातो, पण मग कॅशियरसाहेब रेडिओ कमी करा म्हणतात. ते म्हणायचे, सीट वाजते त्याचं एवढं काय, गाडी जुनी झाली की वाजणारच. खरंय, पण मागे बसणाऱ्याला ते म्हणणं सोपं आहे. आवाज माझ्या कमरेखाली होता.

ज्याला सांगितलं त्याच्याकडे उपाय तयार, आणि बहुतेकांचा उपाय तेल. खोबरेल लावा, एरंडेल लावा, कुणी बुटाचं पॉलिश सुचवलं. माझे सासरे औसा तालुक्यातले, ऐंशीला टेकलेले, तरुणपणी स्वतः मोट हाकलेले. त्यांनी तर करडीच्या तेलाची बाटलीच पुढे ठेवली. “तेलाबिगर चामडं ऱ्हातंय व्हय, सूनबाई?” मोटेच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर होते. ते चामडं बाभळीच्या नाहीतर तरवडाच्या सालीत कमावलेलं, वर कसलाही लेप नाही. दिवसभर पाण्यात बुडायचं, उन्हात वाळायचं. त्याला तेल पाजलं नाही तर ते लाकडासारखं कडक होऊन तडकणार.

गाडीच्या सीटचं चामडं वेगळं असतं. ते बहुतेक क्रोमच्या क्षारात कमावतात, कारखान्यातच फिरत्या पिंपात त्यात तेलं मुरवतात, आणि शेवटी वरून रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा पातळ थर देतात. आपला हात लागतो तो त्या थराला. वरून ओतलेलं तेल आत जायला वाटच नसते. ते वर बसतं, धूळ धरतं आणि चिकट होतं. आपल्या सीटला असा थर आहे का, हे बघायला पाण्याचा एक थेंब पुरतो. कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी ठेवायचा. मुरून डाग ओला झाला तर चामडं उघडं आहे, तसाच मण्यासारखा बसून राहिला तर थर आहे. माझ्या सीटवरचा थेंब ऊन येऊन वाळेपर्यंत जागचा हलला नाही. करडीचं तेल भाजीला वापरलं.

अजून एक गोष्ट खाली वाकून पाहिल्यावर कळली. ‘लेदर सीट’ म्हणतात ती सगळी लेदर नसते. बसायचा आणि टेकायचा भाग चामड्याचा, बाजूच्या पट्ट्या आणि सीटची पाठ रेक्झिनची. शिवणीची कड उलटून पाहिली की ओळखू येतं. चामड्याच्या उलट्या बाजूला मऊ लव असते, रेक्झिनच्या मागे विणलेलं कापड. म्हणजे माझ्या सीटमध्ये चामडं, रेक्झिन, प्लास्टिक, फोम आणि लोखंड असे पाच जण एकमेकांना खेटून बसले होते. त्यातला नेमका कोण कुणाशी भांडतोय, हे कळल्याशिवाय बाटली उघडण्यात अर्थ नव्हता.

आवाज होतो कसा, हे एकदा समजलं की शोधणं सोपं जातं. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, जोर वाढला की सुटून सरकतात, लगेच पुन्हा चिकटतात, आणि हे सेकंदात शेकडो वेळा होतं. सारंगीच्या गजाला राळ लावतात ती ह्याचसाठी, गज तारेवर अडकत-सुटत जावा म्हणून. म्हणजे सीटवर राळेसारखं काही चिकट बसलं असेल तर आवाज वाढणार, आणि दोघांच्या मधे तिसरं मऊ काही आलं तर थांबणार. माझ्या सीटवर राळेचं काम करत होतं वॉशिंग सेंटरवालं पॉलिश. गाडी धुवायला टाकली की पोरं हौसेनं डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश सीटलाही फासतात. दिसायला नवी कोरी. महिन्याभरात त्यावर धूळ बसून हाताला ओढ लागेल असा थर तयार होतो.

पहिलं काम, जागा शोधणं. ते शाखेच्या मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली, जेवणाच्या सुट्टीत केलं. इंजिन बंद, काचा वर, पंखा बंद. हातानं सीट दाबून पाहिली तर काहीच वाजेना. माणसाचं वजन वर असल्याशिवाय ती तोंड उघडत नव्हती. मग मी नेहमीसारखी बसले आणि नुसता क्लच दाबत-सोडत राहिले. कॅशियरसाहेब मागे पाय ठेवायच्या जागेत मोबाइलची बॅटरी धरून कान लावून, कृषी अधिकारी शेजारच्या सीटवरून हात घालून. हा सोहळा पाहून एक खातेदार बाह्या सावरत आले, “म्याडम, धक्का देऊ का?” त्यांना समजावून सांगण्यात सुट्टीतला बराच वेळ गेला.

युक्ती एकच वापरली. सुती हातरुमालाची घडी एकेका सांध्यात सरकवायची आणि क्लच दाबायचा. ‘कुईं’ होती ती सीटबेल्टच्या बकलाची निघाली. क्लच दाबताना डावा पाय पुढे जातो, कंबर मागे आणि थोडी डावीकडे रेटली जाते, सीटची डावी कड फुगते आणि बकलाच्या प्लास्टिकच्या दांड्यावर घासते. उजव्या वळणावर शरीर डावीकडे कलतं, तेव्हाही तेच. बकल आणि सीटच्या मधे रुमाल घातला की कुईं गायब. तो काढून गिअरजवळच्या कन्सोलच्या कडेला घातला तेव्हा आवाज होताच, पण बारीक झाला. म्हणजे तिथेही थोडं घासत होतं.

‘कर्र’ वेगळी होती. टेकायचा भाग आणि बसायचा भाग जिथे भेटतात त्या खाचेत, चामड्यावर चामडं. तिथे रुमाल गेला, पण आवाज अर्धाच थांबला. आणि ह्या दोन्हींच्या खाली, रेडिओच्या आणि टायरच्या आवाजात आजवर कधी ऐकू न आलेला, लोखंडाचा एक बारीक ‘कट्’ होता. त्याला रुमालानं काही फरक पडेना. कॅशियरसाहेब म्हणाले, हा आतला आहे. चामड्याचा ह्याच्याशी संबंध नाही. आयुष्यभर नोटांच्या आवाजावरून खोटी नोट ओळखणाऱ्या माणसाचा कान आहे तो, मी मान्य केलं.

घरी आल्यावर आधी सफाई. इथे लातूरकरांना एक फायदा आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही पाहिलंय, तेव्हापासून गाडी धुवायला पाइप धरला तर हात आपोआप आखडतो. सीटला तर एक तांब्याही जास्त. कोमट पाण्यात चामड्यासाठीचा सौम्य साबण थोडा, मऊ ब्रश, आणि पिळून कोरडे केलेले मायक्रोफायबरचे फडके. कपड्याचा किंवा भांड्याचा साबण नको, तो बहुतेक अल्कली जातीचा, वरच्या थराला खातो. आधी शिवणींतली धूळ व्हॅक्यूमनं ओढून घ्यायची, नाहीतर ब्रशनं तीच मातीची कणी चामड्यावर घासली जाते. फेस सीटवर न ओतता ब्रशवर घ्यायचा आणि हातभर जागा झाली की लगेच पुसायची. ज्यांच्या सीटला बारीक भोकं आहेत त्यांनी तिथे पाणी जवळजवळ नाहीच वापरायचं, ते खाली फोमात उतरतं आणि मग कुबट वास.

फडकं जे काळं झालं ते पाहून मला माझ्या पांढऱ्या कुर्त्यांच्या पाठीचं कोडं उलगडलं.

वाळू द्यायची सावलीत. उन्हात नको, ड्रायर तर मुळीच नको. दुसऱ्या दिवशी चामड्याचं कंडिशनर, पाण्यातलं, तेलकट नसलेलं. ते फडक्यावर बोटभर घेऊन फक्त कडांना आणि त्या खाचेत लावलं, थोड्या वेळानं कोरड्या फडक्यानं जास्तीचं काढून टाकलं. थर असलेल्या चामड्याला कंडिशनरनं आतून काही पोषण मिळतं, यावर माझा विश्वास नाही. पण वरची घर्षणाची ओढ कमी होते हे खरं, आणि शिवणींजवळ जिथे थर झिजलाय तिथे थोडं आतही जातं. ‘कर्र’ बरीच उतरली. ज्यांना खर्च न करता नुसती खात्री करायची आहे त्यांनी खाचेत चिमूटभर टाल्कम पावडर टाकून बघावी. आवाज थांबला तर जागा हीच. तपासायला पावडर चांगली, उपाय म्हणून नाही, कारण घामानं तिचा लगदा होतो.

बकलासाठी गंजगोलाईत फिरले. फेल्ट मागितलं की दुकानदार शाळेच्या हस्तकलेचे रंगीत ताव काढतात. ते फार पातळ. एका हार्डवेअरच्या दुकानात खुर्चीच्या पायांना चिकटवायचं जाड फेल्ट मिळालं, तपकिरी, मागे गोंद असलेलं. आणि वायरिंगवाल्याकडून लोकरीसारखी कापडी टेप, गाड्यांच्या वायरी खडखडू नयेत म्हणून गुंडाळतात ती. ही टेप म्हणजे सगळ्या उपद्व्यापातली सर्वांत कामाची वस्तू. काळी प्लास्टिकची टेप घेऊ नका. उन्हात तिचा गोंद वितळून चिकट डाग पडतात आणि ती स्वतःच वाजते.

कन्सोलची कड स्पिरिटनं पुसून, कोरडी करून तिला फेल्टची पट्टी लावली. पट्टी प्लास्टिकला लावायची, चामड्याला कधीच नाही. चामड्यावरचा गोंद काढताना रंग निघून येतो. बकलाच्या दांड्याला कापडी टेपचे दोन वेढे. बकलाची खाच आणि लाल बटण मोकळंच ठेवायचं, टेपचा एक धागाही तिथे जाऊ द्यायचा नाही. टेप लावून झाल्यावर पट्टा अडकवून, जोरात हिसका देऊन आणि सोडून पाहिला. दुसऱ्या दिवशी अहमदपूरपर्यंत कुईं नव्हती. त्यामुळे ‘कट्’ मात्र आता चांगलाच ऐकू यायला लागला.

आतल्या आवाजासाठी सीट बाहेर काढावी लागणार होती आणि ते मी एकटीनं करणार नव्हते. एमआयडीसीच्या रस्त्याला एक कुशनवाले चाचा आहेत. आयुष्य काळ्या-पिवळ्या जीपच्या, ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवण्यात गेलं. मी गाडी लावून सगळी कहाणी सांगायला लागले, तर ते ऐकता ऐकता दार उघडून गुडघ्यावर बसले, सीटखालच्या कार्पेटवर बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर पिवळी पूड.

“बगा म्याडम. फोम झडू लालाय. खालून तार त्याला खाऊ लालीय. चमडं बिचारं गरीब हाय, त्याला कशाला तेल पाजता?”

मी तेल पाजलं नाही, हे सांगायचा प्रयत्न केला, पण ते पुढे गेले होते.

मग सीटच्या उजव्या कडेला शिवलेली बारीक पट्टी त्यांनी पाहिली, एअरबॅग लिहिलेली, आणि हात मागे घेतला. “पिवळी वायर मी नाय धरत. ती काढणारा आणा, मग सीट माझी.” मला हा माणूस तिथेच पटला. सीटच्या कडेतली एअरबॅग, आणि कित्येक गाड्यांत बकलाचा पट्टा आवळणारी यंत्रणा, दोन्हींत स्फोटक असतं. त्यांच्या वायरी आणि जोड पिवळे ठेवतात ते कुणाच्याही लक्षात यावं म्हणून. शेजारच्या वायरिंगवाल्याला बोलावलं. त्यानं आधी चावी बंद करून काढून घेतली, मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडलं आणि चहा प्यायला गेला. हे आळसानं नव्हे. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये बॅटरी काढल्यावरही काही मिनिटं चार्ज राहतो, तो उतरायला वेळ द्यावा लागतो. किती वेळ ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. दहा मिनिटं सोडली तर बहुतेक गाड्यांना पुरतात. आल्यावर त्यानं सीटखालचे जोड लॉक दाबून सोडवले. त्या वायरींना टेस्टर किंवा मल्टिमीटर लावायचा नाही, आणि सीट बाहेर असताना चावी फिरवायची नाही. फिरवली तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो घालवायला स्कॅनर शोधत फिरावं लागतं.

सीटला चार बोल्ट. पुढचे दोन काढायला सीट पूर्ण मागे, मागचे दोन काढायला पूर्ण पुढे. ज्यांच्या सीटा बटणावर सरकतात त्यांनी हे सरकवणं बॅटरी काढायच्या आधीच उरकायला हवं. दाराच्या उंबऱ्यावर जुनी गोधडी टाकली, कारण सीट तिरकी करून काढताना रुळांच्या धारदार टोकांनी हमखास रंग उडतो. दोघांनी उचलली तरी वजन चांगलंच लागलं.

सीट गेल्यावर खाली जे निघालं त्याची यादी देते. भुईमुगाची टरफलं, टोलच्या पावत्या, माझं एक कानातलं, आधीच्या मालकाचा पुण्याचा पार्किंग पास, आणि दगडासारखी झालेली रेवडी. कानातलं मी दोन वर्षांपूर्वी हरवलं म्हणून कामाच्या बाईला विचारलं होतं.

चाचांनी सीट टेबलावर उलटी टाकली. खाली तारेची जाळी, चारी बाजूंनी आकड्यांनी लोखंडी फ्रेममध्ये अडकवलेली. प्रत्येक आकड्यावर प्लास्टिकची टोपी असते, लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून. डाव्या मागच्या कोपऱ्यातली टोपी फुटून पडलेली, आकडा फ्रेमवर घासून चकाकत होता. हाच ‘कट्’. आणि डावा मागचा कोपराच का, तर क्लच दाबताना माझं वजन तिथेच जातं. जाळी आणि फोमच्या मधे कापडाचा थर असतो, तोही तिथेच विरून फाटलेला. त्यामुळे तार थेट फोमात रुतत होती आणि पिवळा भुसा पाडत होती. फोम बसल्यामुळे वरचं चामडं ढिलं पडून खाचेत त्याची वळकटी झाली होती, तीच मागच्या चामड्यावर घासायची. म्हणजे ‘कर्र’चं मूळही खालीच होतं. वर कितीही कंडिशनर लावलं असतं तरी ती महिन्या-दोन महिन्यांनी परत आलीच असती.

मी म्हटलं, चाचा, मोंढ्यातून चांगला बारदाना आणू का, फोमखाली घालायला? त्यांनी मान हलवली. बारदान्याचे तंतू झडतात, पावसाळ्यात वास धरतो, आणि त्यात सोयाबीनची धूळ असते ती वेगळीच. त्यांनी जाड मांजरपाटाचं दुहेरी कापड काढलं, आधी धुऊन आटवलेलं. कडा दुमडून शिवल्या. खड्डा पडलेल्या जागी फोम मोकळा कापून तेवढाच नवा, त्याच घट्टपणाचा तुकडा चिकटवला. सगळाच फोम बदलू या का, असं मी विचारलं, तर म्हणाले, कंपनीचा फोम साच्यात ओतलेला असतो, कंबरेला बसेल असा. मी कापून दिलेला तसा बसणार नाही, उगाच पाठ दुखवून घ्याल. स्वतःचं गिऱ्हाईक कमी करणारं बोलणं.

तुटलेल्या टोपीच्या जागी पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा उभा चिरून आकड्यावर बसवला, वर कापडी टेप, आत ग्रीसचा ठिपका. बाकीच्या टोप्याही तपासल्या, एक तडकलेली होती, तिलाही तेच. मग चामडं ताणून घ्यायचं काम. कव्हर खालून तारेच्या रिंगांनी फोमातल्या दांडीला आवळलेलं असतं. जुन्या रिंगा कापून नव्या, थोड्या पुढच्या जागी, खास पकडीनं आवळल्या. हे करण्याआधी त्यांनी सीट उन्हात अर्धा तास ठेवायला लावली. गार चामडं ताणलं तर शिवण उसवते, कोमट असलं की नमतं. एअरबॅगच्या बाजूची शिवण मात्र त्यांनी बोटानंही दाबली नाही. ती शिवण ठरावीक दोऱ्याची असते, एअरबॅग फुगली की तिथूनच फाटावी म्हणून. ती साध्या जाड दोऱ्यानं कुणी पक्की शिवून दिली तर एअरबॅग असून नसल्यासारखी.

रुळांवरचं जुनं ग्रीस धुळीनं काळं आणि कडक झालेलं. फडक्यावर डिझेल घेऊन पुसून काढलं आणि पांढरं लिथियम ग्रीस पातळ लावलं, सीट पुढे-मागे करून पसरवलं, बाहेर आलेलं पुसलं. जास्त लावलं की धूळ धरतं आणि साडीला, सलवारीला लागतं. बाजूच्या प्लास्टिकच्या कव्हरच्या आतल्या क्लिपांना कापडी टेपचे बारके तुकडे. तिथे आवाज नव्हता, पण उघडलंच आहे तर घ्या लावून, असं वायरिंगवाल्याचं मत.

बसवताना आधी सगळे बोल्ट हातानं लावून घेतले, मग किती जोरानं आवळतोय ते दाखवणाऱ्या टॉर्कच्या पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळले. सीटचे बोल्ट अंदाजानं आवळू नयेत, अपघातात माणसासकट सीट जागेवर धरून ठेवणारे तेच. पिवळे जोड ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबले आणि सगळ्यात शेवटी बॅटरी. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा नेहमीसारखा काही सेकंद लागून विझला, तेव्हा वायरिंगवाल्यानंही श्वास सोडला. बॅटरी काढल्यामुळे रेडिओनं कोड मागितला, तो पुस्तकाच्या मागच्या पानावर होता. काचांचं एका दाबात वर जाणंही बंद झालं होतं. काच पूर्ण वर नेऊन बटण तसंच थोडा वेळ ओढून धरलं की ते परत येतं.

मजुरी, कापड, फोम, सगळं मिळून चाचांनी ९०० रुपये घेतले. वायरिंगवाल्यानं ३०० सांगितले आणि उरलेली टेप मलाच दिली.

मे महिना संपत आला होता. बाहेर बेचाळीस अंश, बंद गाडीत साठच्या वर, म्हणजे परीक्षा पाहायला ह्याहून चांगली वेळ नव्हती. ह्या कामाचा निकाल पावसाळ्यात लावू नका. मृगाच्या सरी आल्या, हवा दमट झाली की चामडं आपोआप मऊ पडतं आणि निम्म्या सीटा गप्प बसतात. वाटतं दुरुस्ती झाली, आणि थंडीतल्या कोरड्या हवेत पुन्हा सुरू. माझी सीट त्या मे महिन्यात गप्प राहिली आणि नंतरच्या डिसेंबरातही. डिसेंबरात एकदा सकाळी किंचित कुईं ऐकू आली, तेव्हा बकलाची टेप सुटून खाली घसरली होती. नवी लावली, संपलं. कंडिशनर मी आता वर्षातून दोनदा लावते, होळीच्या सुमारास आणि दिवाळीच्या सफाईत. वॉशिंग सेंटरला गाडी दिली की पोरांना आधीच सांगते, सीटला हात लावायचा नाही. उन्हात लावताना समोरच्या काचेला पडदा लावते. बाकी काही नाही.

शेजारची सीटही उघडून घ्यावी असं कृषी अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं, तिचा आवाज फक्त त्यांनाच ऐकू येतो. तिथे रुमालाची युक्ती केली आणि तो डोक्यामागच्या उशीच्या, हेडरेस्टच्या दांड्यांचा निघाला. दांड्यांना सिलिकॉन ग्रीसचा एक हात, एवढंच. त्या सीटमध्ये कुणी बसलंय का हे ओळखणारा सेन्सर असतो, म्हणून ती उगाच उघडण्यात शहाणपण नव्हतंच.

कॅशियरसाहेबांना हे सगळं पाहून स्वतःच्या जुन्या हॅचबॅकची आठवण झाली. तिच्या सीटचं चामडं ठिकठिकाणी तडकलेलं, दुरुस्त करण्यापेक्षा वरून रेक्झिनची कव्हरं घालावीत म्हणून ते चाचांकडे गेले. चाचांनी माप घेण्याआधी सीटच्या दोन्ही कडा चाचपल्या, एअरबॅगची पट्टी नाही याची खात्री केली, मगच रंगांचा कॅटलॉग काढला. असती तर घट्ट कव्हर घालून देणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं होतं. साहेबांनी मरून रंग निवडला.